कोरडं बनियन

“पीळ,” दाजीबा म्हणाला.

मी बनियन पिळलं. भट्टीच्या मागल्या दाराशी एक जाड लोखंडी पत्रा टाकलेला होता. तो इतका तापलेला असायचा की घामाचा थेंब पडला की चर्र वाजून नाहीसा व्हायचा. माझे थेंब नाहीसे होत नसत. माझी धार लागायची. त्या दुपारीही ती पत्र्यावरून वळण घेत खालच्या वाळूत उतरली आणि भोवती उभ्या असलेल्या सात-आठ जणांनी टाळ्या पिटल्या.

“नळ सोडून दिला बे कोणी!”

“बंद करा रे, चंद्रपुरात पाण्याची टंचाई आहे.”

“म्हणून तर म्हणतो, याले धरून न्या अन् टाकीवर बसवा.”

मीही हसलो. हसलं नाही तर जास्त लागतं, हे मला तोवर कळलं होतं.

“आता तू, रतन.”

रतन ठेंगणे पुढे आला. ठेंगणे आडनावाचा हा माणूस सहा फूट उंच होता, आणि एवढ्या एका कारणावरूनही मला त्याचा राग यायचा. त्याने बनियनची सावकाश गुंडाळी केली, दोन्ही मुठींत धरली आणि पिळली. पत्रा एकदा चर्र वाजला. मग पुन्हा एकदा. संपलं.

“दोन थेंब!” दाजीबाने जाहीर केलं. “शाबास रे वाघा.”

ही सत्त्याऐंशी सालच्या मे महिन्यातली गोष्ट. चंद्रपूरजवळच्या एका कारखान्यात आम्ही भट्टीवर होतो. भट्टीत मँगनीजचा दगड वितळायचा. दर अडीच तासांनी लांब सळईने भट्टीचं तोंड फोडायचं आणि आतला लाल रस चरातून वाहू द्यायचा. त्या तोंडापुढे उभं राहायला कंपनीने आम्हाला चंदेरी कोट दिले होते. मानेपासून घोट्यापर्यंत कोट, डोक्याला काळ्या काचेची टोपी, हातांत कोपरापर्यंत मोजे. आम्ही त्याला नवरदेवाचा कोट म्हणायचो. तो बाहेरची आग आत येऊ देत नसे, हे कबूल केलं पाहिजे. पण आतली वाफही तो बाहेर जाऊ देत नसे. भट्टीपुढे माणूस भाजायचा नाही, कोटात शिजायचा. बाहेर सावलीत शेहेचाळीस अंश असायचे. कोटाच्या आत किती, हे मोजायचं यंत्र कंपनीने मागवलं होतं; ते साहेबांच्या खोलीत होतं, कूलरशेजारी.

कंपनी मिठाच्या गोळ्याही द्यायची. पाण्यातून घ्यायच्या, म्हणजे चक्कर येत नाही, असं कंपाउंडर सांगून गेला होता. आम्ही त्या घरी न्यायचो. वरणात बऱ्या लागत.

आणि पाण्याचं म्हणाल तर भट्टीवरचा नियम असा, की जेवढं पाणी प्याल तेवढा घाम, आणि ज्याला जेवढा घाम तेवढा तो कच्चा. खरा भट्टीचा माणूस कोरडा. हा शोध कोणी लावला ते माहीत नाही, पण पाळीच्या शेवटी सगळ्यांसमोर बनियन पिळायची रीत त्यातूनच आली होती. दाजीबा आमचा चार्जमन, म्हणजे पाळीचा मुकादम. तो थेंब मोजायचा. ज्याच्या बनियनातून सगळ्यांत कमी गळेल, तो त्या दिवशीचा वाघ. गेलं वर्षभर वाघ एकच होता.

त्या दुपारी बनियनं पिळून झाल्यावर दाजीबाने डोक्याचं फडकं सोडलं आणि म्हणाला, “ऐका बे. महिनाअखेरीस मी चाललो घरी. उद्या मोठे साहेब येऊन राहिले. माझ्या जागी कोण, ते पाहतीन. मले विचारतीन तर मी सांगीन, ज्याच्यापुढे भट्टी हारते त्याले ठेवा.”

सगळ्यांनी रतनकडे पाहिलं. रतनने जमिनीकडे पाहिलं, आणि ते इतक्या नम्रपणे पाहिलं की मी तोंड फिरवलं.

चार्जमन कोट घालत नाही. चार्जमन भट्टीपासून पंधरा पावलांवर, पंख्याखाली उभा राहून शिट्टी वाजवतो. नऊ वर्षं मी त्या कोटात शिजत होतो आणि नऊ वर्षं त्या पंख्याकडे बघत होतो. रतन माझ्यानंतर चार वर्षांनी आला होता.

घरी गेलो तर इंदूने, म्हणजे माझ्या बायकोने, बनियन बादलीत टाकताना दोन बोटांनी धरलं.

“उद्या साहेब येऊन राहिले म्हणे.”

“तुला कोणी सांगितलं?”

“शेवंतानं. ठेंगणेभाऊंचं नक्की आहे म्हणे.” मग थोडा वेळ तिने धुणं आपटलं आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, “त्याच्या बनियनाले म्हणे घामच नसते. बाईचं नशीब.”

रतनच्या बायकोचं, शेवंताचं, क्वार्टर आमच्या भिंतीला भिंत लागून होतं. बाईचं नशीब काय होतं ते मला चांगलं माहीत होतं. मी चार महिन्यांपूर्वी, संक्रांतीच्या सुमाराला, दर रिकाम्या सकाळी ओट्यावर बसून त्यांच्या दोरीकडे बघत होतो. माणूस हेव्याने काय काय बघतो याला मर्यादा नाही. दोरीवर रोज दोन बनियनं वाळत होती. माणूस एक, पाळी एक, आणि बनियनं दोन.

त्यानंतर मी त्याच्यावर नजर ठेवली. आठ दिवसांत उलगडा झाला. शेवटचा रस काढून झाला की रतन पिशवी घेऊन, कोटासकट वाळूच्या शेडमागे जायचा. “हात धुऊन येतो,” म्हणायचा. तिथे कोट काढायचा, ओलंचिंब बनियन काढायचा, पिशवीतलं कोरडं बनियन घालायचा, आणि तेच पुन्हा अंगातून काढून हातात घेऊन आमच्यापुढे यायचा. अंगाचा जो ओलावा लागेल त्याचेच ते दोन थेंब. ओलं बनियन पिशवीच्या तळाशी जायचं. मी एकदा त्याच्या पाठीमागे ते उचलून पाहिलं होतं. माझ्या बनियनापेक्षा जड होतं.

मी हे कोणालाही सांगितलं नाही. दया म्हणून नाही. जपून ठेवलं होतं. चांगली वस्तू माणूस सणासाठी ठेवतो.

सण दुसऱ्या दिवशी होता.

सकाळी सहाला पाळी सुरू झाली. पिशव्या आम्ही एका ओळीत खिळ्यांना टांगायचो. रतन कोट चढवायला गेला तेव्हा मी त्याच्या पिशवीत हात घातला. डब्याच्या खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं होतं. मी ते काढून माझ्या पिशवीत टाकलं आणि भट्टीकडे गेलो. माझा बेत साधा होता. साहेबांसमोर वाघाला त्याचं खरं बनियन पिळावं लागेल, धार लागेल, आणि लोक हसतील. बस. आपण हसतो तेव्हा दुसऱ्याला किती लागतं, एवढं त्याला कळलं पाहिजे, असं मी स्वतःला सांगितलं. ऐकून मला फार बरं वाटलं.

साडेसातला पहिला रस काढला. नऊच्या सुमाराला डबे सोडले. रतनने पिशवीत हात घातला आणि त्याचा हात तिथेच राहिला. मग त्याने डबा काढला, पिशवी उलटी करून झटकली, खिळ्याच्या खाली पाहिलं, माझ्या डोक्यावरून पलीकडे पाहिलं. मी भाकरी चावत होतो. त्या भाकरीची चव अजून जिभेवर आहे.

“काय हरवलं?” मी विचारलं.

“काही नाई,” तो म्हणाला.

कँटीनचा माणूस ताकाची बादली घेऊन आला. रतनने आपला पेला दाजीबाकडे सरकवला. “तुम्ही घ्या, मले नको.” पाण्याचा लोटा फिरला, तोही त्याने तसाच पुढे दिला. साहेब यायच्या आधीच चार्जमन झालाय, मी मनात म्हटलं. आता याला आमच्या लोट्यातलं पाणी चालत नाही.

दहाला दुसरा रस. त्यानंतर रतनने अंगातलं बनियन काढून शेडच्या पत्र्यावर टाकलं. चंद्रपूरच्या मे महिन्यात ओलं कापड दहा मिनिटांत पापड होतं. त्याने तेच बनियन पुन्हा अंगात घातलं, वर कोट चढवला, आणि गळ्यापर्यंतची बटणं लावून सावलीत बसून राहिला. बाकीचे सगळे कोट उघडे टाकून वारा घेत होते.

“उघड ना बे कोट, शिजशील,” कोणीतरी म्हणालं.

“असू दे.”

तो एकदम कमी बोलत होता. लोटा पुन्हा फिरला आणि पुन्हा त्याच्यापुढून तसाच गेला.

साडेबाराला मोठे साहेब आले. सान्याल त्यांचं नाव, कलकत्त्याकडचे होते. मराठी कळायची, बोलताना हिंदी यायची. त्यांच्यासाठी कँटीनमध्ये बर्फाची अख्खी लादी आणली होती, लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळून. ते पंख्याखाली खुर्चीवर बसले. दाजीबाने शिट्टी वाजवली आणि रतनने तिसऱ्यांदा भट्टीचं तोंड फोडलं.

खरं सांगायचं तर त्याच्यासारखं ते कोणालाच येत नसे. बाकीचे आम्ही सळई मारून उडी मारून मागे व्हायचो. तो मारायचा आणि उभा राहायचा, रस नीट चरात उतरेपर्यंत. त्या दिवशी तो नेहमीपेक्षा जास्त वेळ उभा राहिला. साहेब खुर्चीतून उठले. “क्या आदमी है,” म्हणाले. माझ्या कोटात उकळी फुटली.

रस संपला. रतन नेहमीसारखा शेडमागे गेला नाही. जाऊन करणार काय होता? तो सरळ पत्र्यापाशी आला. टोपी काढली. मोजे काढताना एक खाली पडला, तो उचलायला वाकला आणि न उचलताच सरळ झाला. कोट खांद्यावरून सोडला. बनियन डोक्यातून काढलं. आम्ही सगळे गोल उभे होतो, तेल लावल्यासारखे चकचकीत. साहेब दोन पावलांवर आले.

“पीळ,” दाजीबा म्हणाला. त्याचा आवाज त्या दिवशी जरा सणासुदीचा होता.

रतनने बनियन पिळलं.

पत्रा वाजला नाही.

त्याने आणखी एक पीळ दिला. मुठी पांढऱ्या झाल्या. काहीच पडलं नाही. एक थेंबसुद्धा नाही.

“कोरडं!” दाजीबा ओरडला. “साहेब, कोरडं! तीस वर्षांत नाई पाहिलं!”

टाळ्या सुरू झाल्या. साहेबही टाळ्या वाजवत होते. पहिल्यांदा माझ्या मनात काय आलं ते सांगतो, कारण ते सांगायलाच हवं: हा हरामखोर तीन बनियनं आणतो! पण त्या बनियनाच्या डाव्या खांद्यावर ठिणगीने पडलेलं भोक होतं, रुपयाएवढं. सकाळी त्याने घातलेलं तेच होतं हे. मग दुसरा विचार आला, तो पहिल्यापेक्षा वाईट. म्हणजे हा खरोखरच असा आहे. मी चोरी केली, आणि त्यातून सिद्ध काय झालं, तर हा खराच वाघ. मला रडू यायचं बाकी होतं.

“हात मिलाओ भाई सबसे,” साहेब म्हणाले.

रतन एकेकाचा हात हातात घेऊ लागला. बाकीच्यांचे मोजे अजून चढवलेले होते. मी माझे केव्हाच काढले होते, तमाशा बघायला आलेल्या माणसासारखा रिकाम्या हातांनी उभा होतो. माझी पाळी आली. त्याने माझा हात धरला.

तवा धरल्यासारखं झालं. आणि तो हात कोरडा होता, कागदासारखा. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड लाल होतं, ओठ पांढरे होते, आणि डोळे माझ्यावर होते पण मला बघत नव्हते.

“बैलं सोडले का?” तो मला म्हणाला.

“काय?”

“ऊन झालं. बैलं सोड ना, बाबा.”

सगळे खदखदून हसले. वाघ आता साहेबांसमोर मजाकसुद्धा करू लागला, असं त्यांना वाटलं. पण चार महिने मी त्या माणसाशिवाय दुसरं काही बघितलं नव्हतं. तो कसा चालतो, भाकरी कुठून तोडतो, कशाला हसतो, सगळं मला पाठ होतं. रतन ठेंगणे चार महिन्यांत एकदाही विनोद करताना मी पाहिला नव्हता.

“याला ऊन लागलंय,” मी म्हणालो. “दाजीबा, पाणी आणा. धरा याला.”

“ऊन? रतनले?” दाजीबा हसला.

“अंग बघा त्याचं! हात लावा!”

“आज तरी जळू नको बे, नळ,” मागून कोणीतरी म्हणालं. “माणसाचा दिवस आहे.”

“अरे हे त्याचं खरं बनियन आहे!” मी ओरडलो. “रोज तो बदलतो! शेडमागे जाऊन बदलतो! रोज त्याला तुमच्याएवढाच घाम येतो, आज आला नाही!”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या तुच्छतेने माझ्याकडे त्याआधी कोणी पाहिलं नव्हतं, आणि त्याआधी तुच्छतेने पाहणारे काही कमी नव्हते. दाजीबा म्हणाला, “वसंता, लाज वाटू दे.”

तेवढ्यात रतनचे गुडघे दुमडले. तो पुढे पडला असता तर तापल्या पत्र्यावर पडला असता. मी त्याच्या काखेत हात घालून त्याला मागे ओढलं आणि आम्ही दोघेही वाळूत पडलो.

पुढचं सगळं घाईत झालं. त्याला शेडखाली नेलं, जाड पँट फाडून काढली, बादल्या ओतल्या. मी कँटीनकडे पळालो, साहेबांच्या सरबताची लादी गोणपाटासकट उचलली, आणि दारातल्या कँटीनवाल्याला, तो आडवा आला म्हणून, ढकलून दिलं. बर्फ फोडून फडक्यात बांधून रतनच्या मानेखाली, काखेत, जांघेत ठेवला. दाजीबा त्याच्या तोंडात पाणी घालायला निघाला तेव्हा साहेबांनी त्याचा हात धरला. “बेहोश को मत पिलाओ, मर जाएगा.” मग साहेब स्वतः आपली फाइल घेऊन वारा घालू लागले. जीप आली. रतनला आडवं घातलं. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं, आणि दवाखान्यापर्यंत तो बैलांबद्दल बोलत होता.

शनिवारी साहेबांनी मला बोलावलं. “सबने बनियन देखा,” ते म्हणाले, “तुमने आदमी देखा.” चार्जमनची जागा मला दिली. मी नाकारली नाही. पुढे बावीस वर्षं मी ती केली. त्याच दिवशी मी पत्रा उचलून भंगारात टाकला, आणि लोटाभर पाणी प्यायल्याशिवाय कोणाला कोट चढवू द्यायचा नाही असं ठरवलं. लोक म्हणाले, वसंताला किती कळतं. मी ऐकून घेतलं.

रविवारी मी पेढे घेऊन दवाखान्यात गेलो.

आता पेढे कशाला, तर जागा मिळाल्याचे. रतन शुद्धीवर आला होता, वाचला होता. जागा हुकल्यावर त्याचं तोंड कसं दिसतं ते बघायला मी गेलो होतो. जीप, बर्फ, सगळं खरं. पण पेढ्याची पुडी हातात धरून मी दुसऱ्या मजल्यावर चढलो ते त्याच्यासाठी नाही, हेही खरं.

वीज गेलेली होती. वॉर्डातले सगळे पंखे थांबलेले. रतन खाटेवर उघडा पडला होता, हाताला सलाइन लावलेली, आणि शेवंता खाटेच्या कडेला बसून ताडाच्या पंख्याने त्याला वारा घालत होती. तिचा हात अशा सवयीने हलत होता, जणू तो तिचा नव्हेच.

“या भाऊजी,” ती म्हणाली.

“मिळाली म्हणे तुले जागा,” रतन म्हणाला. आवाज खोल गेला होता. “बेस झालं.”

मी पेढे पुढे केले. त्याने एक घेतला, निम्मा खाल्ला, आणि मनापासून म्हणाला, “तुलेच मिळायले पाहिजे होती.”

मी इतक्या लांबून त्याचं तोंड बघायला आलो होतो, आणि ते असं निघालं.

“डॉक्टर म्हणे, पाऊण तास उशीर झाला असता तर मूत्रपिंडं गेली असती. अन् मग मीच. तुले कसं समजलं बे?”

“रोज तुझ्याकडे बघायचो.”

“इतकं तं हे बी नाई पाहत माह्याकडे.” त्याने बायकोकडे मान वळवली. ती हसली नाही. “तू बोलला ते खरं होतं. बदलत होतो मी. लोकाईनं सांगितलं मले, तू सगळ्यांपुढे बोलला. राग नाई. पहिल्यांदा एक दिवस बदललं, दाजीबा वाघ म्हणला. मंग रोज बदलावं लागलं. वाघ झाला की उतरता येत नाई.”

“आणि त्या दिवशी?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

“त्या दिवशी पिशवीत दुसरं नव्हतंच. साहेब येऊन राहिले, अन् बनियन नाई. म्हटलं, पाणीच पेत नाई. पाणी नाई पेलं तर घाम कोठून येईन? सकाळपासून थेंब नाई घेतला. ताक बी देऊन दिलं. कोट बी बंदच ठेवला, घाम दिसू नाई म्हणून.”

तो पेला दाजीबाकडे सरकताना मी पाहिला होता. लोटा दोनदा त्याच्यापुढून जाताना पाहिला होता. मी काहीच चुकवलं नव्हतं.

“माह्यानं झालं, भाऊजी,” शेवंता म्हणाली.

“पुन्हा सुरू झाली हे,” रतन म्हणाला. “जाऊ दे ना वो. माणूस इसरतेच.”

“मी ठेवलं होतं असं वाटते.” ती माझ्याशी बोलत होती, पंखा चालूच होता. “मंग वाटते, नाई ठेवलं. दोरीवरून काढलं ते ध्यानात आहे. घडी केली ते ध्यानात आहे. तेवढ्यात दूध उतू गेलं, चुलीकडे धावली. मंग पिशवीत टाकलं का नाई, तेच आठवत नाई. तीन दिवस झाले, डोळे मिटले की पिशवीच दिसते. एवढंसं काम होतं. एवढ्याशा कामानं माणूस मारला असता मी.”

“मी तुले काही म्हटलं का?” रतन म्हणाला.

“म्हटलं असतं तं बरं झालं असतं.”

रतनने सलाइन नसलेला हात उचलून तिच्या मांडीवर ठेवला. तिचे डोळे सुजलेले होते. तीन दिवसांत ती झोपलेली नव्हती हे कोणीही सांगितलं असतं. मी तिथे बसून काय विचार करत होतो? मी विचार करत होतो की मी आडवा झालो तर इंदू अशी तीन दिवस जागेल का. त्या खाटेवर पडलेल्या, मरता मरता वाचलेल्या माणसाचाही मला हेवा वाटला. गप्प राहिलो असतो तर पेढे देऊन, चहा पिऊन परत गेलो असतो. शेवंता आयुष्यभर ती पिशवी बघत राहिली असती. रतन आयुष्यभर तिला माफ करत राहिला असता. आणि मी आयुष्यभर त्याला वाचवणारा.

“डब्याच्या खाली होतं, वहिनी,” मी म्हणालो. “वर्तमानपत्रात गुंडाळलेलं.”

“हो,” ती एकदम म्हणाली. “हो, कागदात! कागदातच गुंडाळते मी, भाजीचं तेल लागू नाई म्हणून. ठेवलं होतं! मी ठेवलं होतं व्हो!” तिचा चेहरा उजळला, आणि तसाच उजळलेला राहून हळूहळू माझ्याकडे वळला.

पंखा थांबला.

“तुम्हाले कसं माहीत?”

मी सांगितलं. फार शब्द लागले नाहीत. लोक हसावेत, एवढंच मनात होतं, असंही म्हणालो. पण ते म्हणताना माझं मलाच ऐकवेना, म्हणून अर्धं सोडून दिलं. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा कण्हायचा थांबून ऐकत होता.

रतन छताकडे बघत होता. तसंच त्याने विचारलं, “कधीपासून माहीत होतं, मी बदलतो ते?”

“संक्रांतीपासून.”

“चार महिने?” त्याने मान वळवली. “चार महिने माहीत होतं, अन् मी तुह्यापुढे रोज दोन थेंब पाडत होतो?”

“हो.”

आपला जीव गेला असता यापेक्षा त्याला तेच जास्त लागलेलं दिसलं. त्याचे कान लाल झाले. मला वाटलं, आता ओरडेल, सलाइन उपटेल, पेढे फेकेल. त्यातलं काही केलं असतं तर मी खाली मान घालून जिना उतरलो असतो आणि रस्त्यापर्यंत पोचता पोचता स्वतःला थोडं माफही केलं असतं. त्याने डोळे मिटून घेतले.

शेवंता उठली. मी उभा राहिलो. तिचा हात वर आला आणि मी तोंड आधीच थोडं वळवलं. पण तिने ताडाचा पंखा माझ्या हातात दिला.

“घ्या.”

“वहिनी—”

“वारा घाला त्याईले. मी झोपते जरा.”

तिने खाटेखालची चटई ओढली, फरशीवर टाकली, पदर तोंडावर घेतला आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. मिनिटभरात तिचा श्वास संथ झाला. मनात काही खुपत नसलेलं माणूसच तसं झोपतं.

मी स्टुलावर बसलो आणि वारा घालू लागलो. दुपारचे दोन वाजले असतील. पहिल्या अर्ध्या तासात मनगट भरून आलं, मग खांदा. मी हात बदलला. थोड्या वेळाने हात आपोआप मंद झाला, तसा रतन डोळे न उघडता म्हणाला, “थांबू नको, चार्जमन.”

मी जोर लावला. पुढे तोही झोपला.

संध्याकाळी वीज आली. वॉर्डात सगळीकडे हुश्श झालं, वरचा पंखा करकरत फिरू लागला, शेजारचा म्हातारा म्हणाला, “आता राहू द्या.” पण तो बाहेरचा माणूस. ज्यांनी सांगायला हवं होतं ते दोघे झोपलेले होते. मी वारा घालत राहिलो.